आडवा नाही, उभा नाही

आमच्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये आडवा फोटो नाही आणि उभाही नाही. सगळे चौरस आहेत. काळ्या जाड कागदावर चार कोपऱ्यांना चार तिकोनी चिकट्या लावून बसवलेले, पांढऱ्या कडेचे, सव्वादोन इंचांचे. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून जेवढ्यास तेवढा छापून घेतलेला फोटो तेवढाच येतो. मोठा करून घ्यायला जास्त पैसे पडत, आणि ते फक्त लग्नमुंजीच्या फोटोंवर खर्च होत.

हे फोटो आत्याने काढलेले. तिच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. त्या काळी देशभर मध्यमवर्गीय घरांत दिसणारा हा कॅमेरा आमच्याच गावी, बडोद्याला, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होई. आत्याला याचा अभिमान होता. कॅमेरा म्हणजे परदेशी वस्तू असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "आमच्या गावचा आहे." त्यात १२० नंबरचा रोल बसे, एका रोलवर बारा फोटो. ऊन की ढग, यापलीकडे निवडायला फारसं काही नसे. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा, पाच पावलं मागे जायचं, सूर्य पाठीशी घ्यायचा आणि खटका दाबायचा. सूर्य पाठीशी असल्यामुळे कित्येक फोटोंत खालच्या बाजूला तिची सावली आली आहे. अल्बममध्ये आत्या आहे ती तेवढीच.

ती दांडिया बाजारातल्या घरी राहते. लग्न केलं नाही. मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. आम्ही तिला आत्या म्हणतो, शेजारपाजारचे गुजराती लोक फोई म्हणतात. नातं एकच, शब्द दोन. दादा पुण्यात आणि मी बंगळूरला गेल्यापासून तिला आत्या म्हणणारे कमी झाले आणि फोई म्हणणारे वाढले. अल्बमबद्दल बोलताना मी लहानपणी एकदा "चौकोनी फोटो" म्हणाले होते. तिने तिथल्या तिथे दुरुस्त केलं. "चौकोनी तर दारही असतं. चौरस म्हण."

गेली सहा वर्षं तिची नजर मधोमध जाते आहे. डॉक्टर त्याला मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. डोळ्याच्या पडद्याचा जो भाग नेमकं आणि बारीक बघतो तोच झिजतो, कडेचं दिसणं शाबूत राहतं. त्यामुळे ती घरात भिंतीला हात न लावता फिरते, गॅस पेटवते, जिना उतरते. पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही. त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, मागचं कॅलेंडर आहे हे दिसतं. चेहरा बघायचा असेल तर ती किंचित बाजूला, तुमच्या खांद्यापलीकडे बघते. नवख्या माणसाला वाटतं, आपल्याशी बोलताना ही दुसरीकडेच बघते आहे. खरं तर तेव्हाच ती नीट बघत असते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ती म्हणाली, "मला कॅमेरा हवाय. फोटो लगेच हातात येतो तसला."

दादा हसला. त्यात वाईट काही नव्हतं, पण आत्याला हसू ऐकू येतं. नंतर स्वयंपाकघरात तो मला हळू आवाजात म्हणाला, "अगं, तिला समोरचं माणूस ओळखू येत नाही. फोटो कसला काढणार? एकेका फोटोला शंभर रुपये पडतात. आणि लोक काय म्हणतील, आंधळ्या बाईच्या हातात कॅमेरा दिला?" त्याचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. पैसे तोही देणार होता, आणि तिला कुणी हसलेलं त्याला सहन झालं नसतं.

आत्याने तो मुद्दा दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी स्वतःच काढला. "मला दिसत नाही असं नाही. मधोमध भोक आहे, कडेला सगळं आहे. तुम्ही सगळे मला मोबाइलवर फोटो दाखवता. मला चकाकणारी काच दिसते. मी जवळ धरायला जाते तोवर बोट लागून तो सरकतो. मग तुम्ही मोबाइल परत घेता. दाखवता आणि परत घेता." थोडं थांबून म्हणाली, "मी कुणाचे फोटो काढले की त्यांना देत असे. आता माझ्यापाशी द्यायला काही नाही."

मी तिच्यासाठी कॅमेरा निवडायचं ठरवलं ते या शेवटच्या वाक्यावरून.

चौरस फोटो देणारे इन्स्टंट कॅमेरे म्हणजे मुख्यतः दोन घराणी. एक पोलरॉइडचं. त्याची मूळ कथा सगळीकडे सांगतात: १९४३ साली सांता फे इथे सुट्टीवर असताना एडविन लँडने लेकीचा फोटो काढला आणि तिने विचारलं, तो आत्ताच का दिसत नाही? १९४७ मध्ये लँडने हे तंत्र लोकांसमोर दाखवलं आणि पुढल्या वर्षी बॉस्टनच्या एका दुकानात पहिला कॅमेरा विकला गेला. आज आपण पोलरॉइड म्हटल्यावर डोळ्यांपुढे आणतो तो खाली जाड पांढरी पट्टी असलेला चौरस फोटो १९७२ च्या एसएक्स-७० या कॅमेऱ्यापासूनचा. २००८ मध्ये कंपनीने फिल्म बंद करायचं ठरवलं, तेव्हा काही लोकांनी नेदरलँड्समधल्या एन्सखेडे इथला कारखाना वाचवला आणि फिल्म जवळजवळ नव्याने तयार केली. दुसरं घराणं जपानी, फुजीफिल्मचं इन्स्टॅक्स. त्यांचा छोटा आयताकृती फोटो कॉलेजच्या मुलांनी दोऱ्यावर लटकवलेला आपण पाहतो. चौरस फोटो त्यांनी २०१७ मध्ये आणला.

इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा त्यावर फक्त चौरस फोटो टाकता येत, आणि पुढे पाच वर्षांनी ती अट गेली. म्हणजे तरुणांना चौरस फोटो मोबाइलमुळे ओळखीचा, आणि आमच्या आत्याला १२० च्या रोलमुळे. मधल्या माझ्या पिढीने मात्र पोस्टकार्डाच्या आकाराचे आडवे फोटो धुऊन घेतले आणि ते अजून पिशव्यांतच आहेत.

मी तीन आठवडे माहिती काढली, बंगळूरच्या दोन दुकानांत जाऊन कॅमेरे हातात घेऊन पाहिले. विक्रेता मुलगा हौशी होता. त्याने एकेकाची वैशिष्ट्यं सांगितली आणि मी प्रत्येक वेळी डोळे अर्धवट मिटून बटणं चाचपत राहिले. त्याला ते विचित्र वाटलं असेल. मग मी कारण सांगितलं. त्यानंतर तो स्वतःच डोळे मिटून कॅमेरे चाचपायला लागला आणि आमचं काम सोपं झालं.

पहिला प्रश्न फोटोच्या आकाराचा. पोलरॉइडचं चित्र साधारण ७९ मिलिमीटर बाजूचं, इन्स्टॅक्स स्क्वेअरचं ६२. क्षेत्रफळ काढलं तर पहिलं दुसऱ्याच्या दीडपटीहून मोठं. नजर कमी असलेल्या माणसाला मोठंच चित्र द्यावं, हे उघड होतं. मी जवळजवळ तेच नक्की केलं होतं. पण पोलरॉइडची फिल्म १३ ते २८ अंश तापमानात वापरावी असं कंपनी सांगते. बडोद्यात तसे दिवस थंडीतलेच, बाकी वर्षभर पारा त्याच्या वर. मे महिन्यात तो चाळिशी ओलांडतो. शिवाय रंगीत फोटो पूर्ण उमटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि बाहेर आल्याबरोबर तो उजेडापासून जपावा लागतो. एका पाकिटात आठच फोटो आणि किंमत इन्स्टॅक्सच्या किती तरी वर. इन्स्टॅक्सची फिल्म ५ ते ४० अंशांत चालते, दीडेक मिनिटात चित्र दिसायला लागतं, पाकिटात दहा फोटो. त्या दहांनाही हजाराच्या पुढे मोजावे लागतात, पण दादाच्या शंभर रुपयांच्या हिशेबाशी ते निदान जुळणारं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की १२० च्या रोलवरचं चौरस चित्र प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरच्या आसपास असतं. म्हणजे इन्स्टॅक्सचा ६२ मिलिमीटरचा फोटो आत्याच्या अल्बममधल्या फोटोंपेक्षा थोडासा मोठाच. तिच्या हाताला तो आकार सवयीचा होता. किती जवळ धरायचा, कोणत्या कोनातून बघायचा, हे तिने गेल्या सहा वर्षांत त्या जुन्याच फोटोंवर शोधून काढलं होतं. प्रश्न तिथे मिटला.

दुसरा प्रश्न कोणतं मॉडेल. २०१८ मध्ये आलेल्या एसक्यू-सिक्समध्ये पुष्कळ सोयी होत्या: एकाच फोटोवर दोन चित्रं घेणं, फोटो उजळ किंवा गडद करणं, टायमर, फ्लॅश बंद करणं. फोटोग्राफी शिकणाऱ्याने तोच घ्यावा असं मीही म्हणेन. पण या सगळ्या सोयी मागच्या बाजूला, एका बटणाने बदलायच्या आणि कोणती निवडली ते एका बारीक दिव्याच्या खुणेवरून ओळखायचं. ती खूण आत्याला कधीच दिसली नसती. मागे छोटा पडदा असलेले, आधी फोटो बघून मग छापणारे कॅमेरेही होते. पडदा म्हणजे पुन्हा चकाकणारी काच.

दादाने सुचवलेला छोटा प्रिंटर हा खरा तुल्यबळ पर्याय होता. मोबाइलवर फोटो काढा, बरा असेल तेवढाच त्याच चौरस फिल्मवर छापा. फिल्म वाया जात नाही, एकाच फोटोच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात. पैशांच्या बाजूने हेच शहाणपणाचं होतं, आणि दुसऱ्या कुणासाठी असतं तर मी तेच घेतलं असतं. पण मोबाइल तिला वापरता येत नव्हता. म्हणजे फोटो आम्ही काढणार, निवड आम्ही करणार आणि ती फक्त छापलेला कागद हातात घेणार. तिने जे मागितलं होतं त्याच्या हे अगदी उलट होतं.

शेवटी २०२० मध्ये आलेला एसक्यू-वन घेतला, ज्यात करण्यासारखं सगळ्यांत कमी आहे. भिंगाभोवतीचं कडं फिरवलं की कॅमेरा सुरू होतो, ते हाताला कळतं. आणखी फिरवलं की जवळचा फोटो. उजेडाचा हिशेब कॅमेरा आपला आपण करतो. फ्लॅश बंद करता येत नाही, तो दर वेळी उडतोच. जाणकार याला दोष मानतात, आणि चष्म्यात त्याचा ठिपका येतो हेही खरं. पण आत्याच्या घरातल्या मधल्या खोलीत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो, आणि फोटो जितका उजळ तितका तिला बरा दिसतो. रंग तीन होते: पांढरा, निळसर आणि भाजलेल्या मातीसारखा नारिंगी. नारिंगी घेतला. पांढऱ्या चादरीवर तो कडेच्या नजरेलाही सापडतो.

कॅमेरा घेऊन मी जानेवारीत बडोद्याला गेले. फिल्म कशी घालायची ते तिने हातानेच शिकून घेतलं. पाकिटावरची पिवळी रेघ कॅमेऱ्यातल्या पिवळ्या खुणेसमोर यायला हवी. पिवळा रंग तिला बाजूने बघितल्यावर दिसतो. झाकण लावून खटका दाबला की आधी काळं आवरण बाहेर येतं, मग कॅमेरा तयार. तिने विचारलं, "धुणारा आत बसलाय का?" मी सांगितलं, प्रत्येक फिल्मच्या कडेला रसायनाची एक छोटी पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन रुळांमधून जातो, पुडी फुटते आणि रसायन थरांमध्ये सारखं पसरतं. म्हणून फोटो हलवायचा नाही, वाकवायचा नाही, टेबलावर ठेवून द्यायचा. ती म्हणाली, "म्हणजे पापड लाटण्यासारखं. जाडी सारखी हवी."

आता मुख्य अडचण. कॅमेऱ्याच्या शोधकातून बघायचं तर डोळा त्या इवल्या खिडकीला लावावा लागतो आणि माणूस मधोमध धरावा लागतो. आत्याचं मधोमध तर गेलेलं. ती खिडकीत बघेचना. कॅमेरा नाकासमोर सरळ धरून समोरच्याला म्हणाली, "बोलत राहा." आवाज जिकडून येतो तिकडे भिंग. जुन्या सवयीने ती पाच पावलं मागे गेली आणि पहिला फोटो काळपट आला, कारण या फ्लॅशचा उजेड दोन मीटरच्या आसपासच पोचतो. दुसऱ्या वेळी तिने पावलं मोजली. तीन. तिसऱ्या फोटोपासून माणसं उजळ यायला लागली.

आणि इथेच मला चौरस फोटोचा खरा उपयोग कळला. आयताकृती फोटोत आधी ठरवावं लागतं, कॅमेरा आडवा की उभा. बघून ठरवायची गोष्ट आहे ती. चौरसात हा प्रश्नच नसतो. माणूस थोडा डावीकडे गेला तरी फोटोत राहतो, उभा असो की बसलेला, चारी बाजूंना थोडी थोडी जागा असते. रोलीफ्लेक्सने चौरस चित्रं घेणाऱ्या छायाचित्रकारांना हे १९३० पासून ठाऊक होतं. देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्याकडेही रोलीफ्लेक्स होता. १९७० मध्ये त्यांनी फोटो काढणं थांबवलं, पुढे त्या बडोद्यात राहत आणि २०१२ मध्ये इथेच गेल्या. आपण एवढी वर्षं एकाच गावात राहत होतो हे आत्याला त्या गेल्याच्या बातमीतून कळलं. "मी भेटायला गेले असते," असं ती अजून म्हणते. "विचारलं असतं, कॅमेरा ठेवून कसा दिला?"

पहिल्या पाकिटातले दहा फोटो मी नीट पाहिले. दोन वाया गेले. एकात दूधवाल्याचा अर्धा चेहरा आणि बाकी सगळा दरवाजा. एकात शेजारची मुलगी हसताना, डोकं वरून थोडं कापलेलं. एकात मी आहे, आणि माझी नजर कॅमेऱ्याकडे नाही, तिच्याकडे आहे. ती कॅमेऱ्यामागे चेहरा लपवत नाही, त्यामुळे तिच्या फोटोंतली माणसं भिंगाकडे न बघता तिच्याशी बोलताना दिसतात. हे चांगले फोटो आहेत का, याचं उत्तर मला देता येणार नाही. मोबाइलमधल्या माझ्या शेकडो फोटोंत मात्र असं बोलणारं माणूस एकही नाही.

फोटो उमटला की ती तो उचलते. चित्राखालची पांढरी पट्टी बाकी कडांपेक्षा रुंद असते, बोटाने चाचपून खालची बाजू कुठली ते तिला कळतं. मग खिडकीशी नेऊन, मान तिरकी करून, कडेच्या नजरेने बघते. खूप वेळ बघते. समोर बसलेल्या माणसाकडे इतका वेळ असं तिरकं बघत राहणं तिला संकोचाचं वाटे. फोटोकडे बघायला संकोच नाही. शेजारच्या मुलीच्या हनुवटीवर तीळ आहे, हे तिला त्या फोटोवरून समजलं. मुलगी रोज घरी येते. नंतर पट्टीवर जाड मार्करने तारीख घालते आणि फोटो ज्याचा त्याला देऊन टाकते.

यावरून दादाशी माझा पुन्हा एकदा वाद झाला. या वेळी तो हसत नव्हता. त्याचं म्हणणं, या फोटोंना निगेटिव्ह नाही, प्रत नाही. ती देऊन टाकते, म्हणजे आपल्याकडे तिने काढलेलं काहीच राहणार नाही. निदान देण्याआधी मोबाइलवर एकेक फोटो घेऊन ठेवावा. मला ते पटत होतं. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "अल्बमच्या निगेटिव्ह होत्या ना? डब्यात ठेवलेल्या. बुरशी लागून एकमेकींना चिकटल्या. फोटो राहिले ते ज्यांना दिले त्यांच्याकडे." मग दादाला उद्देशून, "तुला हवा तर इथे येऊन बस. तुझा काढते."

तो मे महिन्यात आला. उन्हामुळे तिने त्याला सकाळी सातला ओसरीवर बसवलं आणि बोलत राहायला सांगितलं. काय बोलावं त्याला सुचेना, म्हणून तो पाढे म्हणायला लागला. तिनेच पाठ करून घेतलेले. तो फोटो त्याने कुणाला दाखवलेला नाही. पाकिटात, पैशांच्या मागे आहे, एवढं मला वहिनीने सांगितलं.

आता फिल्मचा खर्च आम्ही दोघं वाटून घेतो. महिन्याला एक पाकीट, म्हणजे दहा. पाकिटं फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात, तिच्या डोळ्यांच्या थेंबांशेजारी असतात. वापरायच्या आदल्या रात्री ती एक बाहेर काढून ठेवते. डोळा हळूहळू आणखी जातो आहे. डॉक्टर काही लपवत नाहीत आणि तीही विचारायचं टाळत नाही. कडेची नजर राहील असं ते म्हणतात, पण कडेनेही फोटोतलं किती दिवस ओळखू येईल ते आम्ही कुणी बोलत नाही. तिने त्यावर स्वतःपुरता एक नियम केला आहे: नवं पाकीट आल्याशिवाय शेवटची फिल्म वापरायची नाही. कोण येईल सांगता येत नाही. किती उरल्या तो आकडा कॅमेऱ्याच्या मागे बारीक अक्षरात दिसतो, तो शेजारची मुलगी वाचून सांगते.

"फोई, एक ज बाकी छे."

"मग ठेव तसाच," आत्या मराठीत सांगते, आणि मुलीला ते समजतं.